मार्क ट्वेनची कर्जफेड

१८ एप्रिल १८९४ रोजी न्यूयॉर्कमधल्या 'चार्ल्स एल. वेब्स्टर अँड कंपनी' या प्रकाशन संस्थेचे दिवाळे निघाले. संस्थेवर नाव भाचेजावयाचे होते. भांडवल आणि जबाबदारी मात्र सॅम्युअल लँगहॉर्न क्लेमेन्स या माणसाची होती आणि या माणसाला सगळे जग मार्क ट्वेन या नावाने ओळखत होते. वय अठ्ठावन्न. 'टॉम सॉयर' आणि 'हकलबरी फिन' या दोन कादंबऱ्यांनी त्याला अमेरिकेचा सर्वांत लाडका लेखक केले होते. आता बँक, छापखानेवाले, कागदवाले आणि बांधणीवाले मिळून सुमारे ८० हजार डॉलरचे देणे त्याच्या डोक्यावर होते. बायकोची वडिलोपार्जित संपत्तीही याच धंद्यात बुडाली होती.

कलावंताला व्यवहार कळत नाही, असे म्हणून या घटनेची बोळवण करता येते आणि अनेकांनी ती केलीही आहे. पण ट्वेन बुडाला तो अनोळखी धंद्यात नव्हे. छापखाना आणि पुस्तकविक्री हे दोन धंदे त्याच्या हाडीमाशी खिळलेले होते आणि नेमके तेच त्याला घेऊन बुडाले. त्यामुळे या दिवाळ्याची गोष्ट १८९४ च्या खूप आधीपासून सांगावी लागते.

मिसूरी राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठावर हॅनिबल नावाचे गाव आहे. सॅमचे बालपण तिथे गेले. वडील जॉन मार्शल क्लेमेन्स कडक स्वभावाचे, सचोटीचे आणि सतत कर्जात असलेले गृहस्थ होते. टेनेसीत त्यांनी हजारो एकर जमीन स्वस्तात घेऊन ठेवली होती. ही जमीन एक दिवस आपल्याला श्रीमंत करणार, या आशेवर सगळे घर जगत होते. १८४७ मध्ये वडील गेले तेव्हा सॅम अकरा वर्षांचा होता. जमिनीने कोणालाच श्रीमंत केले नाही, पण एक घबाड येईल आणि सगळे ठीक होईल हा विश्वास मात्र मुलाच्या मनात कायमचा घर करून राहिला.

पुढच्याच वर्षी सॅम छापखान्यात उमेदवारीला लागला. मग थोरला भाऊ ओरायन याच्या वर्तमानपत्रात काम केले आणि १८५३ मध्ये गाव सोडून सेंट लुई, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया अशा शहरांतून तो कंपॉझिटर म्हणून पोट भरत फिरला. खिळे जुळवण्याचे हे काम ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्यातला शीण ठाऊक असेल. खिळे ठेवायच्या पेटीच्या, म्हणजे केसच्या, घरांतून एकेक अक्षर उचलायचे आणि डाव्या हातातल्या स्टिकमध्ये लावायचे. ओळ भरत आली की शब्दांमधल्या फटी कमीजास्त करून ती दोन्ही कडांना नेमकी बसवायची. छपाई झाली की तेच खिळे धुऊन पुन्हा आपापल्या घरांत टाकायचे. जुळवणे, ओळ बसवणे आणि खिळे परत टाकणे ही तिन्ही कामे हातानेच व्हायची. गुटेनबर्गपासून चारशे वर्षे हे असेच चालत आले होते. इतर सगळ्या धंद्यांत वाफेची यंत्रे शिरली, पण कंपॉझिटरची बोटे होती तिथेच होती.

नंतर तो नदीवर गेला. १८५९ मध्ये आगबोटीच्या पायलटचा परवाना मिळाला आणि दोनच वर्षांत यादवी युद्धाने नदीवरची वाहतूक बंद पाडली. मग नेवाडातल्या चांदीच्या खाणी, तिथे पदरी आलेले अपयश आणि व्हर्जिनिया सिटीच्या वर्तमानपत्रातली बातमीदारी. 'मार्क ट्वेन' हे नाव तिथेच, १८६३ मध्ये पहिल्यांदा छापले गेले. १८६९ च्या 'द इनोसन्ट्स अब्रॉड' या प्रवासवर्णनाने तो देशभर पोहोचला. १८७० मध्ये एल्मायरा गावचे श्रीमंत कोळसा व्यापारी जर्व्हिस लँगडन यांच्या मुलीशी, ऑलिव्हियाशी, त्याचे लग्न झाले. तिला तो लिव्ही म्हणे. १८७४ मध्ये हे कुटुंब कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड शहरात स्वतःच्या पंचवीस खोल्यांच्या घरात राहायला आले. पहिला मुलगा तान्हेपणीच गेला होता. सूझी, क्लारा आणि जीन या तीन मुली याच घरात वाढल्या. नोकरचाकर होते आणि पाहुण्यांची सतत वर्दळ होती. हे घर चालवायला लेखनाचे उत्पन्न पुरत नसे.

त्या काळी अमेरिकेत पुस्तके विकण्याचा एक वेगळाच मार्ग होता. प्रकाशकाचे एजंट नमुन्याची प्रत घेऊन खेडोपाडी दारोदार हिंडत, आधी मागणी नोंदवत आणि मग पुस्तक पोहोचवून पैसे घेत. ज्या घरात बायबलखेरीज पुस्तक नाही अशा घरांतही ही पुस्तके जात. ट्वेनची लोकप्रियता या एजंटांनीच घडवली. हार्टफर्डच्या अमेरिकन पब्लिशिंग कंपनीने त्याची सुरुवातीची पुस्तके अशीच विकली. मात्र प्रकाशक आपल्याला हिशेबात फसवतो आहे, असे ट्वेनच्या मनाने घेतले. त्याने ठरवले की आता प्रकाशकही आपणच व्हायचे. १८८४ मध्ये भाचीचा नवरा चार्ल्स वेब्स्टर याला पुढे करून त्याने संस्था काढली.

सुरुवात अशी झाली की कोणाचेही डोके फिरावे. पहिले पुस्तक 'हकलबरी फिन' होते आणि दुसरे माजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांच्या आठवणी. यादवी युद्ध जिंकून देणारा हा सेनापती म्हातारपणी एका भामट्या भागीदारामुळे धुळीला मिळाला होता आणि त्यात त्याला घशाचा कर्करोग झाला. दुसऱ्या एका प्रकाशकाने त्याला नेहमीच्या दराने, दहा टक्के मानधन देऊ केले होते. ट्वेनने निव्वळ नफ्याचा सत्तर टक्के हिस्सा देऊ केला. ग्रँट वेदना सोसत शेवटपर्यंत लिहीत राहिले आणि हस्तलिखित पुरे झाल्यावर काही दिवसांतच, २३ जुलै १८८५ रोजी वारले. युद्धात लढलेले जुने सैनिक एजंट म्हणून ही दोन खंडांची आवृत्ती घेऊन घरोघर गेले. तीन लाखांहून अधिक संच खपले. ग्रँट यांच्या विधवा पत्नीला मिळालेला पहिलाच धनादेश दोन लाख डॉलरचा होता.

ही ट्वेनच्या आयुष्यातली अत्यंत उमद्या मनाची कृती होती, यात शंका नाही. पण तिनेच त्याची नजर बिघडवली. प्रत्येक पुस्तक ग्रँटच्या पुस्तकासारखे खपेल असे त्याला वाटू लागले. पोप तेरावे लिओ यांचे चरित्र काढले. जगातला प्रत्येक कॅथलिक ते विकत घेईल असा हिशेब होता, तो साफ चुकला. मग अमेरिकन साहित्याचा अकरा खंडांचा संग्रह निघाला. तो खपू लागला आणि संस्थेचे कंबरडे मोडले ते या खपामुळेच. ग्राहक हप्त्याहप्त्याने पैसे देणार, पण छपाई, बांधणी आणि एजंटचे कमिशन आधी चुकवावे लागणार. जितके संच विकले जात तितके कर्ज वाढे. त्यातच एका हिशेबनिसाने हजारो डॉलरचा अपहार केला. वेब्स्टर प्रकृती ढासळल्याने १८८८ मध्ये बाजूला झाला आणि कारभार फ्रेडरिक हॉल या तरुणाच्या गळ्यात पडला.

तरीही एवढ्यावर ट्वेन बुडाला नसता. ग्रँटच्या पुस्तकाचा नफा आणि त्याच्या स्वतःच्या पुस्तकांची कमाई संस्थेत टिकली असती, तर ती सावरली असती. पण हा पैसा दुसऱ्याच दाराने बाहेर चालला होता.

हार्टफर्डच्या कोल्ट बंदूक कारखान्यात जेम्स पेज नावाचा संशोधक खिळे जुळवणारे यंत्र बनवत होता. १८८० च्या सुमारास ट्वेनने त्यात पहिले दोन हजार डॉलर घातले. यंत्र चालताना पाहिले आणि तो भारून गेला. साहजिक होते. पंधराव्या वर्षी केसपुढे उभा असलेला पोरगा त्याच्यात अजून जिवंत होता. पेजचे यंत्र माणूस जे तिन्ही टप्प्यांत करतो तेच करणार होते: खिळे जुळवणार, ओळ बसवणार आणि वापरलेले खिळे पुन्हा आपापल्या जागी टाकणार. त्यात सुमारे अठरा हजार सुटे भाग होते. ५ जानेवारी १८८९ रोजी यंत्राने पहिली ओळ जुळवून बसवली. ट्वेनने ती वेळ वहीत टिपून ठेवली. मानवाच्या इतिहासात यंत्राने अशी ओळ बसवण्याची ही पहिलीच वेळ आहे, असे तो मानत होता.

पण पेज हा परिपूर्णतेचा झपाटलेला भक्त होता. यंत्र जरा चालू लागले की त्याला नवी सुधारणा सुचे आणि तो ते पुन्हा खोलून ठेवी. ट्वेन महिन्याला तीन-तीन हजार डॉलर ओतत राहिला.

दरम्यान ऑटमार मर्गेनथालर या जर्मन घड्याळजीने त्याच प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहिले होते. त्याचे लायनोटाइप यंत्र सुटे खिळे जुळवतच नव्हते. ते साचे जुळवायचे, त्यात वितळलेला धातू ओतून अख्खी ओळ एकाच तुकड्यात ओतायचे आणि छपाईनंतर ती ओळ पुन्हा वितळवायचे. खिळे घरात परत टाकण्याचा प्रश्नच उरत नव्हता. ३ जुलै १८८६ रोजी 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'चे पान या यंत्रावर लागले. ट्वेन आणि पेज माणसाच्या बोटांची नक्कल करत बसले होते, तर मर्गेनथालरने बोटांना वगळून टाकले. कंपॉझिटर नसलेल्या माणसाला कदाचित हे लवकर दिसले असते. ट्वेनला मात्र खिळे परत टाकणारे यंत्रच खरे यंत्र वाटे, कारण ते काम किती जीव खाते हे त्याच्या बोटांना ठाऊक होते. लायनोटाइप गावोगावच्या छापखान्यांत पोहोचले आणि पुढे भारतातही आले. पेजचे एकमेव उरलेले यंत्र आज हार्टफर्डला ट्वेनच्या घरात, संग्रहालयात आहे. त्यावर ट्वेनचे सुमारे तीन लाख डॉलर खर्ची पडले असे मानले जाते.

जून १८९१ मध्ये हार्टफर्डचे घर बंद झाले. युरोपात राहणे स्वस्त पडते म्हणून कुटुंब बर्लिन, फ्लॉरेन्स, पॅरिस असे हलत राहिले. ट्वेन अटलांटिक ओलांडून वरचेवर न्यूयॉर्कला येई, सावकारांना भेटे, मुदती मागे. १८९३ मध्ये अमेरिकेत आर्थिक पेचप्रसंग कोसळला. बँका बुडाल्या आणि आधी सहज फिरणारी कर्जे एकदम थांबली. त्या सप्टेंबरमध्ये एका मित्राने त्याची हेन्री हटलस्टन रॉजर्सशी गाठ घालून दिली.

रॉजर्स स्टँडर्ड ऑइल कंपनीतला बडा अधिकारी होता. रॉकफेलरच्या या तेलसाम्राज्याने देशभरचे लहान व्यापारी चिरडले होते आणि त्या व्यवहारांत रॉजर्सचा हात सर्वांत कठोर समजला जाई. या माणसाने ट्वेनचा कारभार एक पैसाही न घेता अंगावर घेतला. त्याने संस्थेचे हिशेब तपासले आणि ती वाचवण्याजोगी नाही हे ओळखले. दिवाळे जाहीर होण्याआधी पुस्तकांचे हक्क लिव्हीच्या नावावर करून घेतले आणि ती स्वतःच संस्थेची मोठी धनको आहे हे पुढे मांडले. ते हक्क त्याच वेळी धनकोंच्या हाती गेले असते तर ट्वेनकडे पुढची कमाई उभी करायला काहीच राहिले नसते. रॉजर्सने इतरत्र काय केले ते विसरण्याचे कारण नाही, पण ट्वेनच्या बाबतीत तो शेवटपर्यंत सच्चा मित्र राहिला. १९०२ मध्ये आयडा टार्बेल स्टँडर्ड ऑइलचा पर्दाफाश करणारी लेखमाला लिहू लागली, तेव्हा तिची आणि रॉजर्सची भेट ट्वेनच्याच मध्यस्थीने झाली.

धनकोंपैकी बरेच जण डॉलरला पन्नास सेंट घेऊन प्रकरण मिटवायला तयार होते. लिव्ही तयार नव्हती. सगळे देणे पै न पै चुकवायचे, असे तिने ठामपणे सांगितले. रॉजर्सचाही कल तिकडेच होता. व्यापारी बुडाला तर तडजोड चालते, पण लेखकाजवळ नावाशिवाय दुसरी पत नसते, असा त्याचा विचार होता. कायद्याने काहीही देणे लागत नसताना ट्वेनने केवळ सन्मानासाठी कर्ज फेडले, अशी दंतकथा पुढे पसरली. ती पूर्ण खरी नाही. भागीदार म्हणून त्याच्यावर जबाबदारी होतीच. पण निम्म्यावर सुटण्याची वाट मोकळी असताना त्याने ती घेतली नाही आणि ही वाट बंद करण्यात लिव्हीचा वाटा सर्वांत मोठा होता, एवढे निश्चित.

१८९४ च्या शरद ऋतूत शिकागोच्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत पेजच्या यंत्राची अखेरची परीक्षा झाली. यंत्र मधेच अडे, खिळे तुटत. डिसेंबरमध्ये पॅरिसला रॉजर्सचे पत्र आले: यंत्राची आशा सोडावी. चौदा वर्षांचे स्वप्न संपले. आता खात्रीचा एकच धंदा उरला होता. व्यासपीठावर उभे राहायचे आणि गोष्टी सांगायच्या. ट्वेनला तो धंदा नकोसा झाला होता. तरी जगप्रदक्षिणेचा बेत ठरला.

जुलै १८९५ मध्ये एल्मायराच्या सुधारगृहात रंगीत तालीम झाली आणि १५ जुलैला क्लीव्हलँडला पहिला जाहीर कार्यक्रम. पायाला झालेल्या मोठ्या गळवामुळे त्याला धड उभे राहवत नव्हते. लिव्ही आणि मधली मुलगी क्लारा सोबत निघाल्या. थोरली सूझी आणि धाकटी जीन एल्मायराला मावशीकडे राहिल्या. स्टेशनवर निरोप देणारी सूझी त्याला पुन्हा कधी दिसली नाही.

अमेरिकेच्या उत्तर सीमेवरून पश्चिमेला जात त्याने एकामागून एक गावे घेतली. व्याख्यान म्हणावे असे ते नसे. काळ्या कोटातला, पांढऱ्या केसांच्या जटा झालेला माणूस रंगमंचावर येई, टाळ्या थांबेपर्यंत शांत उभा राही आणि मग ओढून ओढून, अगदी सावकाश बोलू लागे. हातात कागद नसे. नैतिक उपदेश करायचा आहे असे सांगून तो एकेका बोधासाठी एकेक गोष्ट सांगे आणि बोध कधी यायचाच नाही. ऑगस्टमध्ये त्याने वर्तमानपत्रांत निवेदन दिले की हा दौरा आपल्यासाठी नसून धनकोंसाठी आहे आणि सगळ्यांचे देणे पूर्ण चुकवले जाईल. त्या निवेदनाने वातावरणच बदलले. त्यानंतर तो जिथे गेला तिथे लोक एका विनोदी लेखकाला पाहायला आणि त्याचबरोबर शब्द पाळणाऱ्या माणसाला पाठिंबा द्यायलाही येत होते.

२३ ऑगस्टला कॅनडाच्या व्हिक्टोरिया बंदरातून बोट सुटली. होनोलुलूला पटकीची साथ होती म्हणून उतरता आले नाही. फिजी, सिडनी, मेलबर्न, ॲडलेड, टास्मानिया, न्यूझीलंड असे करत वर्ष संपले. मग सिलोनमार्गे जानेवारी १८९६ मध्ये तो मुंबईला उतरला. मुक्काम वॉटसन्स हॉटेलात होता. इंग्लंडहून लोखंडी सांगाडा आणून उभारलेली ती इमारत काळा घोड्याजवळ आजही आहे. खोकल्याने हैराण झाल्यामुळे पहिले काही दिवस तो खोलीतच होता. गॅलरीत येणारे कावळे न्याहाळण्यात त्याचा वेळ जाई आणि पुढे त्याने त्यांच्यावर पानेच्या पाने लिहिली. बरे वाटल्यावर नॉव्हेल्टी थिएटरात कार्यक्रम झाला. अठरा वर्षांचे आगाखान त्याला भेटायला आले आणि 'हकलबरी फिन'विषयी बोलू लागले. शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला गेलेले वीरचंद गांधी यांनी त्याला जैन मंदिर दाखवले. मलबार हिल, पारश्यांचे दख्मे आणि रात्रीचे एक लग्न, सगळे त्याने डोळे भरून पाहिले.

पण मुंबईतला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग हॉटेलच्या खोलीत घडला. दार नीट लागत नव्हते म्हणून एक देशी नोकर दुरुस्तीला आला. त्याचे काम काहीतरी चुकले असावे. सोबतच्या जर्मन माणसाने काही न सांगता त्याच्या थोबाडीत लगावली आणि मग काय चुकले ते सांगितले. नोकराने ते निमूटपणे सोसले. ट्वेन लिहितो की त्या क्षणी पन्नास वर्षे पुसली गेली आणि तो हॅनिबलला पोहोचला. आपले दयाळू वडील लुईस नावाच्या गुलाम पोराला बारीकसारीक चुकांसाठी मारत, हे त्याला आठवले. दहाव्या वर्षी पाहिलेला एक मृत्यूही आठवला. एका मालकाने काम बिघडवले म्हणून गुलामाच्या डोक्यात लोखंडी खनिजाचा गोळा घातला होता आणि तो माणूस तासाभरात मेला. गावाला ते रुचले नाही, पण कोणी फारसे बोललेही नाही. मिसूरी आणि मुंबई यांमधले अंतर एका थपडेने मिटले. ट्वेनच्या सबंध प्रवासवर्णनात याइतके खरे पान मला दुसरे दिसत नाही.

पुण्यात कार्यक्रम करून तो बडोद्याला गेला. तिथे सयाजीराव गायकवाडांच्या राजवाड्यात दरबारापुढे त्याने कार्यक्रम केला आणि मनात नसताना, केवळ आग्रहाखातर तो हत्तीवरही बसला. नंतर अलाहाबाद, बनारस, कलकत्ता, दार्जिलिंग, लखनौ, आग्रा, जयपूर, लाहोर, रावळपिंडी. जयपूरला पुन्हा आजारपण आले. परत येऊन मार्चच्या अखेरीस त्याने कलकत्ता सोडले. मॉरिशस करून मे महिन्यात तो दक्षिण आफ्रिकेत पोहोचला. तिथे काही महिन्यांपूर्वीच ब्रिटिश साहसवाद्यांनी ट्रान्सवालवर चढाई करून पाहिली होती. प्रिटोरियाच्या तुरुंगात त्या कटातल्या कैद्यांना ट्वेन भेटला. मिळकत वेळोवेळी रॉजर्सकडे जात होती. १५ जुलै १८९६ रोजी केपटाउनहून बोट निघाली आणि महिनाअखेर सगळे इंग्लंडला उतरले. वर्षभरात शंभराहून जास्त कार्यक्रम झाले होते. कर्जाचा काही भाग फिटेल एवढी रक्कम जमा झाली होती आणि उरलेले प्रवासवर्णनाच्या पुस्तकातून निघणार होते.

ऑगस्टमध्ये सूझी आणि जीन इंग्लंडला येणार होत्या. त्याऐवजी सूझी आजारी असल्याचे पत्र आले. लिव्ही आणि क्लारा तातडीने बोटीत बसल्या. ट्वेन गिल्डफर्डला मागे राहिला. त्या दोघी समुद्रावर असतानाच, १८ ऑगस्ट रोजी त्याला तार मिळाली. मेंदूज्वराने हार्टफर्डच्या त्याच बंद घरात सूझी गेली होती. ती चोवीस वर्षांची होती. तेराव्या वर्षी तिने वडिलांचे चरित्र लिहायला घेतले होते आणि त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकाही ट्वेन पुढे जपून ठेवणार होता. अंत्यविधीला तो पोहोचू शकला नाही.

दौऱ्यावर गेलो नसतो तर, हा प्रश्न त्याने स्वतःला आयुष्यभर विचारला. दौऱ्यावर जावे लागले कर्जामुळे, कर्ज झाले आपल्या हट्टामुळे, म्हणून मुलीचा मृत्यूही आपल्याच खाती, असा हिशेब त्याने मांडला होता. तो न्याय्य नव्हता. मेंदूज्वरावर त्या काळी औषधच नव्हते आणि बाप शेजारी असता तरी ती वाचण्याची शक्यता फार नव्हती.

लंडनच्या चेल्सी भागात पडदे ओढलेल्या घरात त्या हिवाळ्यात त्याने पुस्तक लिहून काढले. लिव्हीने हस्तलिखिताच्या समासात सूचना केल्या आणि ती त्याही अवस्थेत बारकाईने वाचत राहिली. १८९७ मध्ये 'फॉलोइंग द इक्वेटर' प्रसिद्ध झाले. हे पुस्तक एकसंध नाही. ठगांवरची आणि १८५७ वरची प्रकरणे बव्हंशी इंग्रज लेखकांच्या पुस्तकांतून उतरवून घेतलेली आहेत. पाने भरायची होती आणि मन ठिकाणावर नव्हते. ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांना गोऱ्या वसाहतवाल्यांनी कसे संपवले, पॅसिफिकच्या बेटांवरून मजूर पळवून क्वीन्सलँडच्या उसाच्या मळ्यांत कसे राबवले, ब्रिटिश साम्राज्यवादी ऱ्होड्सने आफ्रिकेत काय चालवले आहे, यावर मात्र तो आसूड ओढतो. भारतातल्या ब्रिटिश राजवटीबद्दल तो जवळजवळ कौतुकाने बोलतो, ही त्याची मोठी मर्यादा. त्याची गाठ पडली ती संस्थानिकांशी, गव्हर्नरांशी आणि क्लबातल्या साहेबांशी. ज्या वर्षी तो पुण्यात येऊन गेला त्याच वर्षअखेर दुष्काळ आणि प्लेग यांनी हा प्रांत होरपळला आणि पुढच्या वर्षी प्लेग अधिकारी रँडचा खून झाला. ते पुणे त्याला दिसलेच नाही.

जून १८९७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्राने त्याच्यासाठी वर्गणी जमवायला सुरुवात केली. ट्वेनला ती हवी होती. लिव्हीने नकार दिला आणि निधी बंद करावा लागला. त्याच सुमारास तो मरणपंथाला लागला आहे अशी अफवा उठली होती. प्रत्यक्षात आजारी होता त्याचा एक नातलग. पुस्तक चांगले खपले. रॉजर्सने धनकोंचे हप्ते चुकवत आणले आणि १८९८ च्या सुरुवातीला, ट्वेन व्हिएन्नात असताना, शेवटचे देणे फिटले. दिवाळ्यापासून चार वर्षे उलटली नव्हती.

१५ ऑक्टोबर १९०० रोजी तो न्यूयॉर्कला परतला तेव्हा त्याचे स्वागत एखाद्या विजयी सेनापतीसारखे झाले. कर्ज फेडणारा लेखक म्हणून त्याच्या नावाला आता एक वजन आले होते आणि ते त्याने लगेच खर्चायला काढले. अमेरिका तेव्हा फिलिपिन्समध्ये स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या लोकांना चिरडत होती. फेब्रुवारी १९०१ मध्ये 'टू द पर्सन सिटिंग इन डार्कनेस' हा त्याचा जळजळीत लेख आला. चीनमधले मिशनरी, दक्षिण आफ्रिकेतले इंग्रज आणि फिलिपिन्समधले स्वतःचे देशबांधव या सगळ्यांना त्याने एका ओळीत उभे केले. साम्राज्यविरोधी लीगचा तो मरेपर्यंत उपाध्यक्ष होता. १९०५ मध्ये काँगोतल्या अत्याचारांबद्दल बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाविरुद्ध त्याने पुस्तिका लिहिली आणि तिचे उत्पन्न काँगो सुधारणा संघटनेला देऊन टाकले. सिडनी, मुंबई आणि प्रिटोरिया पाहिल्याशिवाय हे लेखन इतक्या अधिकाराने झाले असते, असे वाटत नाही.

पैशाच्या बाबतीत तो फारसा बदलला नाही. दुधापासून बनवलेल्या प्लॅस्मॉन नावाच्या पौष्टिक पदार्थात त्याने पुन्हा हजारो डॉलर घातले आणि पुन्हा घालवले. फरक एवढाच की आता पाठीशी रॉजर्स होता. हार्टफर्डचे घर १९०३ मध्ये विकले गेले. सूझी गेल्यापासून लिव्हीला तिथे पाऊल ठेववत नव्हते. त्याच वर्षी हार्पर कंपनीशी करार झाला आणि वर्षाला किमान २५ हजार डॉलरची हमी मिळाली. पुढच्या वर्षी, ५ जून १९०४ रोजी लिव्ही फ्लॉरेन्समध्ये वारली.

पण हार्परच्या त्या हमीलाही मर्यादा होती. १९०५ मध्ये त्याने 'द वॉर प्रेयर' ही छोटी कथा लिहिली. विजयासाठी प्रार्थना करणारे चर्चमधले लोक नकळत शत्रूच्या बायकामुलांसाठी काय मागत असतात, हे एक अनोळखी म्हातारा त्यांना ऐकवतो. हार्परच्या मासिकाने ती परत पाठवली. करारामुळे ती दुसरीकडे देण्याची सोय नव्हती. २१ एप्रिल १९१० रोजी ट्वेन गेला तेव्हा ती कथा कागदपत्रांतच होती. ती छापून आली १९२३ मध्ये.